भावाने पाठवलेली सीबीडीची बाटली आणि तुझे पिंपल्स

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल काय चाललंय. वय २६, नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, शिफ्ट रात्रीची, हनुवटी आणि जबड्याच्या कडेने मोठे दुखणारे पिंपल्स, चार महिन्यांपासून डॉक्टरांनी दिलेली पिंपल्सची गोळी, आयसोट्रेटिनॉइन १० एमजी, चालू आहे, ओठ फाटून राहिले म्हणून वैताग आलाय, पाळी दीडदोन महिन्यांनी येते, आणि आता बंगलोरच्या भावाने सीबीडी तेलाची (सीबीडी म्हणजे गांजाच्या झाडातला, नशा न आणणारा एक घटक) बाटली पाठवली, ३० एमएल, लेबलवर १०० एमजी सीबीडी, आणि ते ज्यात मिसळलंय तो बेस हेम्प सीड ऑइल, म्हणजे भांगेच्या बियांचं तेल. तुला विचारायचंय की गोळी बंद करून हेच लावलं तर चालेल का, आणि जिभेखाली दोनचार थेंब घेतले तर आतूनही फायदा होईल का. भाऊ म्हणतो नॅचरल आहे, काही होत नाही, त्याच्या मैत्रिणीला सीबीडी सीरमने फरक पडला, आई म्हणते गांजा आहे, घरात ठेवायचा नाही. दोघंही अर्धे बरोबर आहेत आणि अर्धे चूक, ते पुढे येईलच.

आधी उत्तर देऊन टाकते कारण मला माहितीये अर्धे लोक पहिल्या पॅराच्या पुढे वाचत नाहीत. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नको. थेंब पोटात घेऊ नको, आयसोट्रेटिनॉइन चालू असताना तर अजिबातच नको. चेहऱ्यावर लावायचं की नाही हे सीबीडीपेक्षा त्या बाटलीत बाकी काय आहे यावर ठरतं, आणि तू जे लेबल लिहिलंय त्यावरून तुझ्या चेहऱ्यासाठी तरी ती बाटली काही कामाची दिसत नाही.

आता सविस्तर. मी नागपुरात बावीस वर्षं त्वचेचीच प्रॅक्टिस करतेय, रामदासपेठेत क्लिनिक आहे, आणि गेल्या पाचसहा वर्षांत सीबीडीबद्दल विचारणारे पेशंट इतके वाढलेत की मलाही बसून सगळं वाचावं लागलं. सुरुवातीला मी सरळ उडवून लावायची, म्हटलं काहून या नव्या फॅडच्या मागे लागता बाप्पा, आधी आहे ते क्रीम तर नीट लावा. पण वाचल्यावर कळलं की हे पूर्ण फॅड नाहीये, मुळाशी खरं काम झालेलं आहे.

पिंपल कसा होतो ते दोन ओळीत सांगते कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल बनवतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत अडकलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेज नावाचा जिवाणू वाढतो, आणि मग शरीर त्याच्याशी भांडतं म्हणून सूज, लाली, पू. तेल, बूच, जिवाणू, सूज अशी ही चौकडी. कुठलंही औषध या चौघांपैकी कोणाला धरतं हे विचारायचं. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणूला मारतं, अ‍ॅडापॅलीन बूच बसू देत नाही, आयसोट्रेटिनॉइन एकटीच अशी की तेलग्रंथीच लहान करते आणि चौघांनाही लागते, म्हणून तर डॉक्टर तुला ती देऊन राहिले.

सीबीडीचा दावा आहे तेल आणि सूज या दोघांवर. २०१४ मध्ये हंगेरीतल्या डेब्रेसेन विद्यापीठातल्या लोकांनी, अत्तिला ओलाह आणि तमाश बिरो यांच्या टीमने, माणसाच्या तेलग्रंथींच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, त्यांना तेल वाढवणारे पदार्थ दिले, म्हणजे अरॅकिडोनिक अ‍ॅसिड, टेस्टोस्टेरॉन वगैरे, आणि मग सीबीडी टाकलं. तर तेल बनणं खाली आलं, पेशींची वाढ मंदावली आणि सूज वाढवणारे संदेशही कमी झाले. हे कोणत्या वाटेने होतं तेही त्यांनी दाखवलं, तेलासाठी टीआरपीव्ही४ नावाची पेशीवरची एक खिडकी आणि सुजेसाठी ए२ए नावाचं दुसरं दार. गंमत म्हणजे सीबीडी म्हटलं की लोकांना जे कॅनाबिनॉइड रिसेप्टर, म्हणजे गांजातले घटक पेशीवर जिथे जाऊन बसतात त्या जागा, आठवतात त्यांचा इथे फारसा संबंधच नाही. चांगलं काम आहे, मला वाचताना मजा आली. जगभरात प्रत्येक सीबीडी सीरमच्या जाहिरातीत जे "संशोधनाने सिद्ध" लिहिलेलं असतं ना, त्याचं मूळ बहुतेक वेळा हाच एक पेपर असतो.

त्याच टीमने दोन वर्षांनी गांजाच्या झाडातले बाकीचे भाऊबंदही तपासले, आणि ते जाहिरातवाले कधी सांगत नाहीत. सीबीसी आणि टीएचसीव्ही यांनी तेल कमी केलं पण सीबीजी आणि सीबीजीव्ही यांनी उलट वाढवलं. म्हणजे "फुल स्पेक्ट्रम घ्या, सगळे घटक मिळून जास्त काम करतात" हे जे विकणारे सांगतात ते पिंपल्सच्या बाबतीत तरी आंधळेपणाने घेऊ नये. तेलकट चेहऱ्यावर सीबीजी भरपूर असलेलं सीरम लावायचं म्हणजे आगीत तूप. सीबीजी वेगळ्या कामासाठी चांगलं असेल, कोरड्या त्वचेला वगैरे, पण तुझं दुखणं ते नाही.

आता प्रयोगशाळेच्या ताटलीतल्या पेशी वेगळ्या आणि जिवंत माणसाचा चेहरा वेगळा. ताटलीत औषध थेट पेशीवर पडतं, चेहऱ्यावर त्याला वरचा जाड थर पार करून छिद्रातून खाली ग्रंथीपर्यंत जावं लागतं. सीबीडी भयंकर तेलप्रेमी रेणू आहे, वरच्या थरात छान मुरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो, खाली किती पोचतो हे सगळं बेसवर अवलंबून.

माणसांवर मोठी चाचणी झाली ती बोटॅनिक्स नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीची, निकाल २०१९ मध्ये आला. साडेतीनशेपेक्षा जास्त लोक, मध्यम ते तीव्र अ‍ॅक्नेवाले, १२ आठवडे. कोणाला ५ टक्के सीबीडी दिवसातून दोनदा, कोणाला एकदा, कोणाला त्याहून कमी टक्क्याचं, आणि एका गटाला तोच बेस पण सीबीडीशिवाय. सीबीडीवाल्यांचे सुजलेले पिंपल्स बऱ्यापैकी कमी झाले, त्रासही काही विशेष झाला नाही. पण नुसता बेस लावणाऱ्यांचेही बऱ्यापैकी कमी झाले आणि दोघांतला फरक इतका नव्हता की सीबीडीमुळे झालं असं म्हणता येईल. झालं, कंपनीने पुढे पिंपल्ससाठी तो गाडा ओढला नाही.

मला वाटतं ही चाचणी नीट समजली की तुझ्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळतं. लोक म्हणतात बघा, फेल गेलं, म्हणजे बोगस. मी तसं नाही म्हणत. मला त्यातला बेसवाला गट जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या लोकांनी काय केलं, १२ आठवडे न चुकता ठरलेल्या वेळी एकच सौम्य गोष्ट चेहऱ्यावर लावली, मधे दर काही दिवसांनी कोणीतरी डॉक्टर त्यांचे पिंपल्स मोजत होता म्हणून टाळाटाळ केली नाही, आणि या काळात ट्रायलच्या नियमाने बाकीचे सगळे उपद्व्याप बंद. एवढ्याने चेहरा सुधारला. आता विचार कर, तुझ्या भावाच्या मैत्रिणीला सीबीडी सीरमने फरक पडला असेल तर त्यातलं किती सीबीडीचं आणि किती या शिस्तीचं?

माझ्याकडे तीनेक वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, लक्ष्मीनगरची, अगदी चमकता चेहरा घेऊन आली आणि म्हणते मॅडम तुमचं औषध मी सोडलं, सीबीडी तेलाने पिंपल्स गेले, तुम्हाला सांगायला आले. मी म्हटलं बस, चहा घे, आणि सांग आधी काय काय लावत होतीस. तर लिंबू, टूथपेस्ट, एक दुकानातून आणलेलं गोरं करणारं क्रीम, दिवसातून पाच वेळा फेसवॉश, रविवारी संत्र्याच्या सालीच्या पावडरीचा रगडून रगडून स्क्रब. ते तेल महाग पडलं म्हणून तिने बाकी सगळं बंद केलं, पैसे वसूल व्हावे म्हणून रोज रात्री नेमाने लावलं, आणि तीन महिने थांबली. मी तिला काही बोलले नाही, बरी झाली ना, मला काय. पण ते पाच फेसवॉश आणि टूथपेस्ट बंद केल्याचं श्रेय कोणीच देत नाही.

संत्र्याच्या सालीवर दोन शब्द बोलल्याशिवाय नागपूरच्या स्किनच्या डॉक्टरला पुढे जाता येत नाही. डिसेंबर आला की घरोघरी गच्चीवर साली वाळतात आणि जानेवारीत माझ्याकडे लाल गालांची लाइन लागते. सालीत जे सुगंधी तेल असतं त्यात लिमोनीन असतं, हवेत राहून ते बदलतं आणि मग त्वचेला झोंबतं, वरून ते खरखरीत कण. आणि आता मुद्दा ऐक, हेच लिमोनीन आणि लिनालूल "नैसर्गिक टर्पीन्स" या नावाने कित्येक सीबीडी तेलांत मुद्दाम टाकलेलं असतं. आई ज्या सालीने रगडते आणि भाऊ जी बाटली पाठवतो त्यात खाज आणणारी वस्तू एकच निघू शकते.

आता तुझ्या बाटलीचा हिशोब करू. ३० एमएल मध्ये १०० एमजी, म्हणजे एका एमएलमध्ये जेमतेम ३.३ एमजी, म्हणजे साधारण ०.३३ टक्के. ज्या ५ टक्क्याच्या औषधाने ट्रायलमध्ये बेसला हरवता आलं नाही त्याच्या पंधराव्या हिश्श्याएवढं. हे गणित कोणतीही बाटली घेतली तरी करायचं, एमजी भागिले एमएल, आलेल्या आकड्याला दहाने भागलं की टक्के. लेबलवर मोठ्या अक्षरात ५००, १००० लिहिलेलं असतं ते बघून हुरळून जाऊ नये, ते पूर्ण बाटलीतलं असतं आणि कधीकधी तर सीबीडीचं नसतंच, "हेम्प एक्स्ट्रॅक्ट" किंवा हेम्प तेलाचं वजन असतं.

हेम्प सीड ऑइल आणि सीबीडी तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. निम्मे लोक इथेच फसतात. हेम्प सीड ऑइल म्हणजे बियांचं तेल, जसं तीळ तसं. सीबीडी बनतं ते फुलांवरच्या आणि पानांवरच्या चिकट ग्रंथींत, बीमध्ये जवळजवळ नसतंच, सालीला लागून आलं तर थोडंसं. बियांचं तेल वाईट नाही, त्यात लिनोलेइक अ‍ॅसिड निम्म्याहून जास्त असतं, हलकं असतं, खोबरेल तेलासारखं छिद्र बुजवत नाही. पण त्याला सीबीडी समजून हजारदीड हजार रुपये मोजायची गरज नाही, किराणा-आयुर्वेदिक दुकानात ते बरंच स्वस्तात मिळतं. एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ खाण्यासाठी मान्य केलं तेव्हापासून बाजारात हे सगळं उघड आलं आणि गोंधळ अजून वाढला.

आणि लेबलवर जे लिहिलंय ते आत असेलच असं नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली होती, त्यात लेबल बरोबर निघालं साधारण ३१ टक्क्यांचं. बाकीच्यांत कुठे कमी, कुठे जास्त. आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं, जे नशेचं असतं. आपल्याकडे चित्र याहून छान असेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. म्हणून बॅच नंबरचा लॅब रिपोर्ट मागायचा, विकणारे त्याला सीओए म्हणतात, आणि बाटलीवरचा बॅच नंबर आणि रिपोर्टवरचा बॅच नंबर जुळतो का बघायचं. सगळ्या बाटल्यांना एकच जुना रिपोर्ट दाखवत असतील तर समजून जायचं.

आईचा मुद्दा आता. कायदा असा आहे की १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे त्याची राळ. नुसत्या बिया आणि पानं, शेंड्यांशिवाय असतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून देशात जे सीबीडी कायदेशीरपणे विकलं जातं ते पानांपासून काढलेलं, आयुर्वेदिक औषध म्हणून, आयुषच्या लायसन्सवर, नाव विजया. आयुर्वेदात विजया जुनीच आहे पण तिला विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल ई(१) मध्ये ठेवलंय, त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना छापावीच लागते. वर महाराष्ट्रात भांगेवर राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, म्हणजे यूपीत ठेल्यावर मिळते तशी इथे ठेवता येत नाही. तर तुझ्या बाटलीवर आयुर्वेदिक उत्पादनाचा लायसन्स नंबर आहे का बघ. नसेल, किंवा कोणी परदेशातून बॅगेत टाकून आणलेली असेल, तर आईचं ऐक. आणि भावाला सांग की परदेशी साइटवरून मागवायच्या भानगडीत पडू नको, आत टीएचसी निघालं तर "मला माहिती नव्हतं साहेब" यावर कस्टमवाले चहा पाजत नाहीत.

आता पोटात घ्यायचं. हा भाग नीट वाच बेटा, बाकी विसरलीस तरी चालेल. सीबीडी यकृतातून जातं, आणि ज्या एन्झाइम्सनी इतर औषधं मोडली जातात त्यातल्या काहींना अडवतं. अमेरिकेत २०१८ मध्ये लहान मुलांच्या अवघड मिरगीसाठी शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर झालं, एपिडायोलेक्स, त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की यकृताचे एन्झाइम्स वाढू शकतात, रक्त तपासत राहा. तिथले डोस खूप मोठे असतात हे खरं, तुझे दोन थेंब त्यासमोर काहीच नाहीत. पण आयसोट्रेटिनॉइनसाठी तुझी लिव्हरची आणि ट्रायग्लिसराइडची तपासणी होतेच ना, तीसुद्धा याच कारणासाठी. उद्या रिपोर्टमध्ये आकडे वाढलेले आले तर डॉक्टर काय समजणार, गोळीमुळे की थेंबांमुळे? तुम्ही सांगतही नाही की थेंब घेऊन राहिलो, आणि मग कामाची गोळी विनाकारण बंद होते. रक्त पातळ करायचं औषध, मिरगीचं औषध, डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी तर हा नाद करूच नये. ब्रिटनमधल्या अन्न खात्याने २०२३ मध्ये धडधाकट माणसालाही दिवसाला १० एमजीच्या वर नको असं सांगितलं. आणि तोंडावाटे थोडंसं सीबीडी घेऊन पिंपल्स जातात याला काही आधार नाहीये, त्यामुळे धोका घ्यायचा तरी कशासाठी.

आणखी एक. ऑफिसात किंवा नवीन नोकरीत ड्रग टेस्ट होत असेल तर फुल स्पेक्ट्रम तेलातलं थोडं थोडं टीएचसी रोज पोटात जाऊन लघवीत दिसू शकतं. चेहऱ्यावर लावून असं होण्याची शक्यता फार कमी, पण जिभेखाली घेऊन होऊ शकतं.

तुझ्या खऱ्या दुखण्याकडे वळू. तू जे वर्णन केलंस, सव्विसाव्या वर्षी, जबड्याच्या कडेने, खोल, दुखणारे, पाळीच्या आधी वाढणारे, आणि पाळी लांबते, त्यावरून मला सीबीडीपेक्षा पीसीओएसचा, म्हणजे अंडाशय आणि हॉर्मोनच्या बिघाडाचा, विचार आधी येतो. सोनोग्राफी आणि हॉर्मोनच्या तपासण्या झाल्यात का? झाल्या नसतील तर करून घे, असल्या बाटलीपेक्षा ते पैसे जास्त कामी येतील. हॉर्मोनचा जोर असेल तर वरून कितीही भारी सीरम लावलं तरी खालून ढकलणं चालूच राहतं, आणि आयसोट्रेटिनॉइननंतरही परत येण्याची शक्यता जास्त असते. त्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत, त्या स्त्रीरोगवाल्या मॅडम आणि तुझे स्किनचे डॉक्टर मिळून ठरवतील.

चार महिन्यांत १० एमजीवर फार फरक नाही म्हणतेस, पण वजन लिहिलं नाहीस. साठ किलोच्या माणसाला १० एमजी हा कमी डोस आहे, त्याने हळूहळूच होतं, आणि गोळी जेवणासोबत, थोडं तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घेतली तरच नीट शोषली जाते. रात्रपाळीवाले ती रिकाम्या पोटी चहाबिस्किटावर घेतात आणि मग म्हणतात काम करत नाही. तू कधी घेतेस ते बघ. ओठ फाटणं म्हणजे गोळी लागू पडतेय याची खूणच आहे एका अर्थी, ज्याचे ओठ अजिबात कोरडे पडत नाहीत त्याला मी आधी विचारते की घेतोस का खरंच. साधं व्हॅसलीन दिवसातून सातआठ वेळा, चाटायचं नाही, सालं ओढायची नाहीत, मॅट लिपस्टिक सध्या कपाटात. आणि हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच असेल तरी परत सांगते, गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये, बाळाला गंभीर व्यंग येतं. लग्नाचं चाललं असेल तर तारीख डॉक्टरांना आधी सांग. या काळात रक्तदान नाही, चेहऱ्याचं वॅक्सिंग नाही.

मग सीबीडीला जागा कुठेच नाही का? आहे, छोटी आहे. आयसोट्रेटिनॉइन, अ‍ॅडापॅलीन यांनी चेहरा कोरडा, लाल, चुरचुरता होतो तेव्हा मॉइश्चरायझर लागतोच, आणि त्या मॉइश्चरायझरमध्ये चांगल्या प्रतीचं सीबीडी असेल, सुगंध नसेल, बेस हलका असेल, तर लालीला थोडा आराम पडायला हरकत नाही. काही पेशंटना मी हो म्हटलंय. पण औषध म्हणून नाही, मॉइश्चरायझर म्हणून, आणि साध्या दोनतीनशेच्या सुगंध नसलेल्या क्रीमने तेच होत असेल तर ते घ्या असंही सांगितलंय. लावायचंच असेल तर आधी कानामागे किंवा जबड्याच्या खाली बारक्या जागी तीन दिवस रोज लावून बघ, खाज-पुरळ आलं नाही तर पुढे जा. निकाल बघायला आठदहा आठवडे लागतात, कारण आज वर दिसणारा पिंपल आत कित्येक आठवडे आधीच शिजायला लागलेला असतो. चार दिवसांत ग्लो आला असं कोणी सांगितलं तर तो तेलाचा चकाकपणा आहे.

कपाळावर बारीक बारीक, एकाच मापाचे, खाजणारे दाणे असतील, खासकरून पावसाळ्यात किंवा घामाच्या दिवसात, तर ते बहुतेक वेळा पिंपल्स नसतातच, मॅलासेझिया नावाच्या बुरशीचे असतात. ती बुरशी तेलावर जगते. त्यावर कुठलंही तेल, सीबीडीचं असो की बदामाचं, लावलं की पंगतच बसते. असे लोक माझ्याकडे सहा सहा महिने पिंपल्सची क्रीमं लावून येतात आणि केटोकोनॅझोलने पंधरा दिवसांत बरे होतात. ओळखायची खूण खाज, पिंपल दुखतो पण फारसा खाजत नाही.

आणि तू स्कूटीवर जातेस तर स्कार्फचं बघ. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत मुली डोळे सोडून सगळं बांधून फिरतात, पंचेचाळीस डिग्रीत दुसरं करणार तरी काय, पण तोच स्कार्फ आठवडाभर, त्यात घाम, धूळ, सनस्क्रीन, तेल, आणि नेमका जबड्यावर घासतो. त्यावरून हेल्मेटचा पट्टा. तुझे पिंपल्स जिथे आहेत तिथेच. सुती, पातळ, रोज धुतलेला स्कार्फ, तीनचार विकत घेऊन ठेव, सीताबर्डीवर शंभरदीडशेला मिळतात. सावजीवर मात्र उगाच खापर फोडू नको, तिखटाने पिंपल्स येत नाहीत, गोड आणि मैद्याने वाढल्याचं मात्र दिसतं, रात्रपाळीत कोल्ड्रिंक आणि चिप्सवर राहणाऱ्यांत मी ते बघते. जिमवाली पोट्टी व्हे प्रोटीन सुरू केल्यावर येतात त्यांचंही तसंच.

जाता जाता त्या "गोरं करणाऱ्या" ट्यूबबद्दल, कारण सीबीडीच्या नावाने आता तसलंही काही विकायला लागलेत. कोणतंही क्रीम लावून दोन दिवसांत पिंपल्स बसले, चेहरा उजळला, आणि बंद केलं की दुप्पट उसळले, तर आत स्टेरॉइड आहे असं समज. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केला तरी मिळतात अजून. मी बघितलेले सगळ्यात वाईट चेहरे सीबीडीने खराब झालेले नाहीत, याने झालेत.

तर आता तू काय कर. डॉक्टरांकडे जा, गोळी कमी करायची की वाढवायची ते त्यांना ठरवू दे, बाटली सोबत घेऊन जा आणि दाखव, लाजू नको, आम्ही याहून भारी वस्तू बघितल्यात. रक्ताचा रिपोर्ट शेवटचा कधी केला ते बघ, दोन महिन्यांपेक्षा जुना असेल तर परत कर. थेंब आधीच घेऊन झाले असतील तर तेही सांग, किती दिवस, किती थेंब.

आणि भावाने पाठवलेलं तेल टाकून द्यायचं जिवावर येत असेल तर आधी वास घे. बियांचं तेल उन्हात, उजेडात लवकर खवट होतं, आणि एप्रिल-मेमध्ये कुरियरच्या गाडीत दोन दिवस तापून आलेलं असेल तर अजूनच. जुन्या शेंगदाण्यासारखा, रंगाच्या डब्यासारखा वास आला तर सरळ फेक. चांगलं असेल, वर लायसन्स नंबर नीट असेल, तर फ्रिजमध्ये ठेव आणि कोपर आणि टाचांना लाव, या गोळीने तेही कोरडे पडतातच.